बंद घरांचा नमुना

शरयूबेनशी मी एकदा खोटं बोललो. त्यांनी मला सरळ विचारलं होतं, आणि मी 'हो' म्हणालो. खरं उत्तर 'नाही' होतं. त्या एका 'हो'मुळे त्यांनी पुढची सगळी वर्षं स्वतःला दोष दिला आणि मी तो देऊ दिला. त्यांच्याबद्दल लिहायचं तर आधी हे सांगायला हवं. नाहीतर पुढे मी त्यांचं जे कौतुक करीन ते मलाच खोटं वाटेल.

त्या आम्हाला गणित शिकवायच्या. आडनाव आगाशे. घरी माझी आई 'आगाशेबाई' म्हणायची, पण बडोद्याच्या शाळांत मराठी बाईंनाही बेनच म्हणतात, त्यामुळे आमच्यासाठी त्या शरयूबेन. आमची शाळा जुन्या शहरातली. एकाच आवारात गुजराती माध्यम आणि मराठी माध्यम. गुजराती माध्यमाचे वर्ग भरलेले असायचे आणि आमच्या वर्गात मागचे बाक रिकामे. नव्वदचं दशक अर्धं सरत आलं होतं. अलकापुरीत रोज नवं दुकान उघडत होतं, सयाजीगंजात कॉम्प्युटर क्लासचे फलक लागत होते, आणि ज्यांना जमेल ते आपली मुलं इंग्रजी माध्यमात घालत होते.

शरयूबेन शाळेत मोपेडवरून येत. डोक्यावर हेल्मेट, जे तेव्हा बडोद्यात पोलिसही घालत नसत. पोरं हसायची. त्या हेल्मेट काढून हातात धरून वर्गात येत आणि टेबलावर उलटं ठेवत. त्यातच खडू, डस्टर आणि घड्याळ. अंगाने बारीक, आवाज मात्र मागच्या रिकाम्या बाकांपर्यंत पोचणारा. त्यांच्या घरी कोण कोण आहे हे मला पुष्कळ वर्षं माहीत नव्हतं. एक थोरले भाऊ होते हे नंतर कळलं.

त्यांना 'सगळे' हा शब्द खपत नसे. 'कोणीच' आणि 'नेहमी' हेही नाहीत. कोणी म्हणालं, "बेन, पेपर कठीण होता, सगळे म्हणतात," की त्या थांबत.

"कितींना विचारलंस?"

"चार-पाच जणांना."

"कोणाला?"

या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना माणूस अडकायचा, कारण त्याने आपल्याच बाकावरच्या मित्रांना विचारलेलं असायचं. त्या रागवत नसत. "सारू, ठीक आहे, मग 'माझे मित्र म्हणतात' असं म्हण," एवढं बोलून फळ्याकडे वळत.

एकदा आईबरोबर बाजारात गेलो असताना त्या दिसल्या. मटारच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळातल्या शेंगा वर काढत होत्या. भाजीवाला वैतागला होता. "बेन, वटाणा लेवा आव्या छो के परीक्षा लेवा?"

"बेउ, दोन्ही," बेन म्हणाल्या, आणि तळातली शेंग सोलून त्याच्याच हातावर ठेवली. शेंगेत किडा होता. तो हसायला लागला. बेनही हसल्या, आणि त्याच ढिगातले मटार घेतले. आईने नंतर विचारलं तर म्हणाल्या, "अहो, एका शेंगेवरून ढीग कसा टाकायचा? अजून पाच काढल्या होत्या मी. त्या चांगल्या होत्या."

नववीत संख्याशास्त्राचं प्रकरण आलं. पुस्तकात मध्य, मध्यक, बहुलक आणि पुढे उदाहरणं. बाकी वर्गांत ते दोन तासांत उरकत. बेन त्या दिवशी हेल्मेटमध्ये एक डबा घेऊन आल्या. डब्यात भात होता.

"शितावरून भाताची परीक्षा. म्हण माहीत आहे ना? करा परीक्षा."

आम्ही रांगेने गेलो. प्रत्येकाने वरचं एक शीत उचललं, चावलं. छान शिजला होता. प्रशांत माझा जिगरी मित्र, तो म्हणाला, "बेन, मीठ नाही, बाकी फर्स्टक्लास." सगळ्यांनी उत्तीर्ण केल्यावर बेननी कालथ्याने डबा तळापासून उकरला. खाली भात करपून काळा झाला होता. वास वर्गभर पसरला.

"एवढ्या जणांनी परीक्षा केली. चुकलात कुठे?"

कोणी म्हणालं, एकच शीत खाल्लं म्हणून. बेननी मान हलवली. "एवढ्या जणांनी मिळून चमचाभर खाल्लंत की. कमी नाही खाल्लंत. पण जे हाताला आलं तेच खाल्लंत." मग म्हणाल्या, "म्हण खोटी नाही. शीत कुठलं घ्यायचं ते म्हणीत सांगितलेलं नाही, इतकंच."

नमुना या शब्दाचा अर्थ मला त्या करपलेल्या वासासकट कळला. आजही मला कोणी सर्वेक्षणाचे आकडे दाखवले की आधी तो वास येतो.

उत्तरायणानंतर शाळा उघडली तेव्हा सगळ्यांच्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या आणि वाद पतंगाच्या दोरीचा होता. प्रशांत म्हणाला, "बेन, सुरती दोरीच बेस्ट. आम्ही आमच्या पोळात गल्लीभर फिरून विचारलं. संध्याकाळपर्यंत ज्यांचे पतंग टिकले ना, जवळपास सगळे सुरतीवाले."

"जवळपास सगळे. सुधारलास," बेन म्हणाल्या. "आणि ज्यांचे कापले गेले ते?"

"ते काय?"

"ते कुठली दोरी वापरत होते?"

प्रशांत हळूच म्हणाला, "ते पण सुरतीच असतील ने."

वर्ग हसला. बेनही हसल्या. "ते गच्चीवरून उतरून घरी गेले, जेवायला बसले. तू गेलास तेव्हा गच्चीवर जे होते त्यांनाच विचारलंस. जे समोर नाहीत त्यांना शोधून विचारायचं असतं, प्रशांत. मेहनत तिथे आहे. बेरीज काय, कोणीही करेल."

हे मी ऐकत होतो. पहिल्या बाकावर बसून ऐकत होतो. म्हणून पुढे जे केलं ते न कळून केलं असं मला म्हणता येत नाही.

त्याच सुमारास शाळेत बातमी पसरली की जूनपासून मराठीची पहिली बंद होणार. पहिली बंद म्हणजे पुढच्या वर्षी दुसरी बंद, आणि आमच्यामागे एकेक करत सगळी. संस्थेचे चिटणीस भाऊसाहेब हे निवृत्त इंजिनियर, जुन्या दरबारी घराण्यातले. ते म्हणाले, मराठी माध्यम कोणाला नकोच आहे. शरयूबेन त्यांच्याकडे गेल्या आणि त्यांनाही तेच विचारलं, कितींना विचारलंत, कोणाला. भाऊसाहेब हसले असावेत. म्हणाले, मग तुम्हीच विचारून सांगा. तुम्ही म्हणाल तसं करू.

बेननी ते काम आमच्या वर्गाला दिलं. गावातल्या मराठी मंडळाने आपल्या सभासदांची यादी देऊ केली होती, ती त्यांनी परत पाठवली. "जो मराठी मंडळाची वर्गणी भरतो तो मराठी शाळेला हो म्हणणारच. त्याला विचारून काय कळणार?" त्याऐवजी मतदारयाद्या आणल्या आणि शनिवारी-रविवारी बसून त्यांतली मराठी आडनावं स्वतः काढली. पाणीगेटच्या जुन्या घरांपासून ते गोरव्याच्या बाजूला रिफायनरी आणि कारखान्यांतले लोक राहत त्या सोसायट्यांपर्यंत. चिठ्ठ्या केल्या, घागरीत घातल्या, आणि आम्ही एकेकाने त्या उचलल्या. वर्गाचे गट पाडले. मला सगळ्या गटांचा मुख्य केलं. मला फार अभिमान वाटला होता.

नियम एकच होता आणि तो त्यांनी आमच्याकडून वदवून घेतला. घर बंद असलं तर परत जायचं. संध्याकाळी जायचं, रविवारी जायचं. शेजारी जायचं नाही.

शाळा सकाळची होती, त्यामुळे आम्ही दुपारी निघत असू. मार्चचं ऊन. पाणीगेटहून गोरव्यापर्यंत सायकल हाणत मी आणि प्रशांत पोचलो तर पहिल्याच घराला कुलूप. दुसऱ्यालाही. तिसऱ्या घरी शेजारच्या बाई म्हणाल्या, दोघंही नोकरीला जातात, सातनंतर या.

"सातनंतर?" प्रशांत म्हणाला. "परत इथे? पागल छे के?"

मी कुलपाकडे बघत उभा राहिलो. तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून एक काकू म्हणाल्या, "कोण रे तुम्ही? मराठी ना? उन्हात काय उभे राहिलात, वर या."

काकूंनी कोकम सरबत दिलं. शंकरपाळी दिली. त्या मूळच्या साताऱ्याच्या, मुलगा रिफायनरीत, सून बँकेत. नातू पहिलीत जायचा होता. प्रशांतने मला कोपराने ढोसलं. मी विचारलं, शाळेची रिक्षा घरापर्यंत आली तर नातवाला मराठी शाळेत पाठवाल का?

"म्हणजे काय, मराठीतच जाणार. आपली भाषा सोडून कसं चालेल?"

मी ते उत्तर लिहून घेतलं. आणि नाव कुलूपवाल्या घराचं लिहिलं.

इतकं सोपं होतं ते. त्यानंतर जिथे कुलूप दिसलं तिथे आम्ही शेजारी जिथे दार उघडं असेल तिथे गेलो. उघड्या दारात बहुधा एखादी आजी किंवा काकू असायची, आणि तिला मराठी ऐकून आनंद व्हायचा. दुसऱ्या दिवशी बाकीचे गट माझ्याकडे कुरकुरत आले, घरं बंद असतात, काय करायचं. मुख्य मी होतो. मी त्यांना आमची युक्ती सांगितली. वर म्हणालो, बेनना सांगायची गरज नाही, आकडा तोच येतो.

आकडा तोच येत नव्हता. ज्या घरांतले दोघंही कामाला जात ती घरं बंद होती, आणि मुलांना इंग्रजी शाळेत घालायचं ठरवून बसली होती तीच घरं. काकूंचा नातू कुठल्या शाळेत जाणार हे काकू ठरवणार नव्हत्या. सून ठरवणार होती, आणि ती आम्ही गेलो तेव्हा बँकेत होती.

बेननी बेरजा केल्या. निकाल इतका चांगला आला की त्यांनाही नवल वाटलं. त्या तो घेऊन भाऊसाहेबांकडे गेल्या. आम्ही काही मुलं बरोबर होतो. भाऊसाहेबांनी कागद उलटसुलट पाहिला. "बेन, तुमचं गणित मला कळत नाही. तुमच्यावर विश्वास आहे. उघडू वर्ग." बेन तिथून बाहेर आल्या आणि त्यांनी आम्हाला सगळ्यांना उसाचा रस पाजला. मी तो प्यायलो.

पहिलीच्या वर्गासाठी त्यांनी अनघाताईला आणलं. अनघाताई बेनचीच जुनी विद्यार्थिनी, अलकापुरीकडच्या एका इंग्रजी शाळेत शिकवायची. बरी नोकरी होती. बेन तिला म्हणाल्या होत्या, ये, मुलं येणार आहेत, मी मोजून सांगते आहे.

जूनमध्ये त्या वर्गात जी मुलं आली ती एका सतरंजीवर मावली. रिक्षा ठरवल्या होत्या त्या रिकाम्या फिरल्या आणि महिन्याभरात बंद केल्या. अनघाताई फळ्यावर कमळ काढून वाट बघत बसायची. दिवाळीनंतर संस्थेने वर्ग बंद केला. तिची जुनी जागा तोवर भरली होती.

भाऊसाहेब शाळेत आले ते वार्षिक सभेच्या तयारीला. आम्ही खुर्च्या मांडत होतो. सभागृहात, आमच्या देखत, ते म्हणाले, "बेन, तुमच्या आकड्यांवर चाललो आणि तोंडावर पडलो. ही आकडेमोड पुस्तकातच ठेवा आता."

बेन म्हणाल्या, "रीत माझी होती. चूक माझी आहे."

मी खुर्ची हातात धरून उभा होतो. प्रशांतने माझ्याकडे बघितलं आणि मी दुसरीकडे बघितलं.

त्या आठवड्यात शाळा सुटल्यावर बेननी मला थांबवून घेतलं. सगळे कागद टेबलावर पसरले होते. "सुहास, तुझी नजर बारीक आहे. बेरजा तपास. माझं कुठेतरी चुकलंय." मी त्यांच्या शेजारी बसून बेरजा तपासल्या. मला ठाऊक होतं की बेरजा बरोबर आहेत, तरी एकेक आकड्यावर पेन्सिलीने खूण करत गेलो. एकही चूक निघाली नाही.

"बेरीज बरोबर," त्या स्वतःशी म्हणाल्या. "चिठ्ठ्या मी नीट ढवळल्या होत्या. यादी नीट होती." मग माझ्याकडे वळल्या. "घरं चिठ्ठीतलीच होती ना रे? सगळ्यांनी त्याच घरांना विचारलं ना?"

त्या स्वरात संशय नव्हता. संशय असता तर मी कदाचित रडून सगळं सांगून टाकलं असतं. त्या फक्त एक शक्यता खोडून टाकत होत्या, आणि ती खोडायला त्यांना माझा शब्द पुरेसा होता.

"हो बेन," मी म्हणालो.

"हं," त्या म्हणाल्या. "मग माणसंच बोलतात एक आणि करतात एक. ते मोजता येत नसावं."

दोन वर्षांनी माझी धाकटी बहीण नववीत गेली. मी तिला विचारलं, शरयूबेननी भाताचा डबा आणला का? ती म्हणाली, कसला डबा? संख्याशास्त्र त्यांनी दोन तासांत उरकलं होतं. मध्य, मध्यक, बहुलक, आणि पुढे उदाहरणं.

मी बडोद्यातच राहिलो. अलकापुरीत एका विमा कंपनीच्या कार्यालयात नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली. बेन निवृत्त झाल्या. अधूनमधून दिसायच्या. सयाजीगंजात एकदा त्यांचं हेल्मेट लांबून ओळखलं आणि मी एका झेरॉक्सच्या दुकानात शिरलो, काही काम नसताना. असं पुष्कळदा केलं. बायकोला मी बेनच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या, भाताची, मटारची, पतंगांची. ती म्हणायची, एवढ्या आवडत्या बाई आणि एकाच गावात राहून तू भेटायला कसा जात नाहीस? मी काहीतरी सांगायचो.

गेल्या वर्षी बेनचे भाऊ गेल्याचं कळलं. आणि पाठोपाठ हेही, की बेन घर बंद करून भाचीकडे नागपूरला जाणार आहेत, कायमच्या. तेव्हा गेलो.

घरात खोकी बांधलेली होती. बेन खिडकीजवळ खुर्चीत बसल्या होत्या, पाय स्टुलावर. खूप वाळल्या होत्या. आवाज तोच. "सुहास ना तू? ये. खोक्यावर बैस, चालतंय, त्यात चादरीच आहेत."

मी बोलायचं घरून ठरवून आलो होतो. आमचं वय लहान होतं, ऊन फार होतं, मी घाबरलो होतो, आणि शेवटी क्षमा. पण बेननी विचारलं, "काय काम काढलंस?" आणि मी एकदम मधलंच बोललो. म्हणालो, त्या वर्षी घरं चिठ्ठीतली नव्हती. कुलूप दिसलं की आम्ही शेजारी गेलो.

त्यांनी पाय स्टुलावरून खाली घेतले. त्यांना आठवायला क्षणही लागला नाही.

"किती घरं?"

"निम्म्याहून जास्त असतील."

"तुझ्या गटाची?"

"सगळ्या गटांची. मीच सांगितलं होतं त्यांना."

"शेजारी म्हणजे कोण भेटायचं?"

"आज्या. काकू. दुपारी घरात असायच्या त्या."

त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि मी ज्याची तयारी करून आलो होतो तो राग त्यात नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. एखादं जुनं गणित सुटल्यावर होतो तसा, अगदी निखळ. "म्हणजे रीत बरोबर होती," त्या म्हणाल्या. "अरे, रीत बरोबर होती."

मला तो आनंद बघवेना. तो त्यांचाच होता, आणि मी तो इतकी वर्षं माझ्याजवळ दाबून ठेवला होता.

थोड्या वेळाने त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. आनंद ओसरत चालला होता. "त्यानंतर मी एकाही वर्गाला बाहेर नेलं नाही," त्या म्हणाल्या. मला टोचावं म्हणून बोलल्या नाहीत, स्वतःलाच सांगत होत्या. "निवृत्त होईपर्यंत नाही. किती मुलं गेली हाताखालून. त्यांना शिकवता आलं असतं." आणि मग, "अनघा परत शिकवायला गेलीच नाही कुठे. ती मला कधी काही बोलली नाही. पण माझ्याकडे यायची बंद झाली."

वय लहान होतं, ऊन फार होतं, हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. ते तिथेच राहिलं. मी खोक्यावरून उठलो आणि त्यांच्या समोर जमिनीवर बसलो.

"बेन, घरं मी बदलली. तुम्ही विचारलंत तेव्हा तोंडावर खोटं बोललो. आणि नंतर तुम्ही दिसलात की रस्ता बदलत राहिलो. माझं चुकलं. अनघाताईंचा पत्ता द्या, हेच त्यांनाही सांगायचंय."